अस्तेय आणि कामाची जागा

चोरी हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? रात्रीचा काळोख, फोडलेले कुलूप, आणि भिंतीवरून उडी टाकून पळणारा कोणी अनोळखी मनुष्य. अस्तेयाचे व्रत अशाच मनुष्यासाठी सांगितले असावे अशी आपली समजूत असते. आणि आपण कोणाचे कुलूप फोडीत नसल्यामुळे ते व्रत आपल्या हातून आपोआप पाळले जात आहे, असे मानून आपण निश्चिंत राहतो. परंतु पतंजलींनी यम सांगताना अहिंसा आणि सत्य यांच्या पाठोपाठ अस्तेयाला स्थान दिले आहे. केवळ दरोडेखोरांच्या सुधारणेसाठी योगशास्त्रात एवढी मानाची जागा राखून ठेवली असेल, हे संभवत नाही.

आम्हांस या लेखात ज्या चोरीचा विचार करावयाचा आहे, ती दिवसाढवळ्या, हसतखेळत आणि बहुतेक वेळा सज्जन माणसांच्या हातून होत असते. ती होते कचेरीत, दुकानात, कारखान्यात, शाळेच्या शिक्षकखोलीत, आणि संकोच न बाळगता सांगावयाचे तर देवळाच्या कोठीतही. शेजारच्या मेजावरील लेखणी उचलली जाते व परत ठेवली जात नाही. पाऊस सुरू झाला की कोपऱ्यातील छत्री ज्याच्या हाती लागेल त्याची होते. एकाने घरून आणलेला फोनचा चार्जर चार खोल्या फिरून येतो, आणि येतो तेव्हा त्याची तार तुटलेली असते. चहाच्या वर्गणीत ज्याने पै दिली नाही, तो साखर दोन चमचे घेतो. यांपैकी कोणालाही चोर म्हटले तर तो रागावेल, आणि त्याचा राग अगदीच अनाठायी असेल असेही नाही. मग या कृत्याला म्हणावे तरी काय?

महाभारताच्या शांतिपर्वात व्यासांनी युधिष्ठिराला शंख आणि लिखित या दोन भावांची कथा सांगितली आहे. दोघेही तपस्वी, बाहुदा नदीच्या काठी दोघांचे स्वतंत्र आश्रम. एकदा लिखित भावाच्या आश्रमात गेला असता शंख घरी नव्हता. झाडांवर फळे पिकली होती. लिखिताने ती तोडली आणि स्वस्थपणे खात बसला. शंख परत आला व त्याने विचारले, ही फळे कोठून मिळाली? लिखिताने नमस्कार करून हसत सांगितले की, येथलीच आहेत. त्यावर शंख म्हणाला, न देता घेतलेस, ही चोरी झाली. राजाकडे जा, अपराध सांग आणि दंड मागून घे.

लिखित खरोखरच सुद्युम्न राजाकडे गेला. राजा बिचारा संकटात पडला. ज्याला दंड देण्याचा अधिकार आहे त्याला क्षमा करण्याचाही आहे, असे म्हणून त्याने लिखिताला सोडून देऊ पाहिले. पण लिखित ऐकेना. तेव्हा राजाने त्याचे दोन्ही हात तोडविले. पुढे शंखाच्या सांगण्यावरून बाहुदेत तर्पण करू लागताच ते हात त्याला परत प्राप्त झाले, असे कथेत आहे. लिखिताने मग भावाला अगदी मनुष्यस्वभावाला साजेसा प्रश्न विचारला: तुझे तप एवढे मोठे, तर मला आरंभीच शुद्ध का केले नाहीस? शंखाचे उत्तर असे की, दंड देणे हे माझे काम नव्हे, ते राजाचे.

लहानपणी ही कथा ऐकली तेव्हा आम्हांस शंख फार निष्ठुर वाटला होता. चार फळांसाठी सख्ख्या भावाचे हात! आजही ती शिक्षा योग्य होती असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही. परंतु कथेतील एका तपशिलाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. लिखित लपला नाही, खोटे बोलला नाही, तो हसला. भावाचे ते आपलेच, हे त्याने इतके गृहीत धरले होते की, विचारावयाचे काही शिल्लक आहे हे त्याच्या ध्यानातही आले नाही. शंखाला राग आला तो फळे गेल्याचा नसावा. विचारले असते तर त्याने ओंजळ भरून दिली असती. पण देणे हा शंखाचा आनंद होता, त्याचा अधिकार होता. आणि नेमका तोच लिखिताने काढून घेतला. सहकाऱ्याची वस्तू न विचारता घेणारा मनुष्य बहुधा वस्तूच्या किमतीचा हिशेब करतो आणि म्हणतो, पाच रुपयांची तर लेखणी! त्याने घेतलेली दुसरी गोष्ट, म्हणजे ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची त्या माणसाची मोकळीक, ही त्याच्या हिशेबात धरलेलीच नसते.

आता कायद्याचे मत पाहा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत चोरीची व्याख्या समजावून देताना एक उदाहरण दिलेले होते. एक गृहस्थ आपल्या स्नेह्याच्या घरी त्याच्या गैरहजेरीत जातो आणि वाचून परत करण्याच्या हेतूने त्याच्या ग्रंथसंग्रहातील एक पुस्तक घेऊन येतो. आपल्या स्नेह्याची याला मूक संमती आहे असे जर त्याला मनापासून वाटत असेल, तर ती चोरी नव्हे, असा तेथे निर्वाळा आहे. त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तथापि शंख आणि कायदा यांतील हा मतभेद जुनाच राहिला. कायदा घेणाऱ्याच्या मनात डोकावून पाहतो. शंख ज्याचे गेले त्याच्या बाजूने पाहतो. संसारात, आणि कामाच्या ठिकाणीही, दोन्ही दृष्टी लागतात. मित्राची पट्टी क्षणभर उचलली म्हणून कोणी राजदरबारी जाऊ नये. पण मूक संमतीचा आधार घेणाऱ्याने एवढे स्वतःला विचारावे की, तो या क्षणी येथे आला तर माझा हात जेथे आहे तेथेच राहील काय? हात चटकन मागे येणार असेल, तर संमती होती असे म्हणता येत नाही.

त्याच जुन्या संहितेत आणखी एक गोष्ट होती. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. पण कारकुनाने वा नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरली, तर सात वर्षांपर्यंत. परक्यापेक्षा आतल्या माणसाचा अपराध मोठा, कारण त्याच्यासाठी दार उघडे ठेवलेले असते.

एकाची वस्तू आणि सर्वांची वस्तू यांत भेद आहे, आणि आमच्या मते दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. एकाची छत्री गेली तर निदान तो एक तरी ओरडतो. सर्वांचा चमचा गेला तर कोणीच ओरडत नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी एका वैद्यकीय संशोधनसंस्थेत काही संशोधकांनी यावर एक मौजेचा परंतु काटेकोर मोजणीचा प्रयोग केला, आणि तो २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नल या नामांकित पत्रात छापून आला. त्यांनी सत्तर चमच्यांवर बारीक खुणा केल्या, ते संस्थेच्या चहाच्या खोल्यांत ठेवले आणि पाच महिने मोजदाद केली. सत्तरांपैकी छप्पन्न नाहीसे झाले, म्हणजे शेकडा ऐंशी. चमचा भारी असो की हलका, त्याने काही फरक पडला नाही. मात्र ज्या खोल्या सर्वांच्या होत्या तेथील चमचे, एकेका विभागाच्या स्वतःच्या खोलीतील चमच्यांपेक्षा लवकर गेले. वाचकहो, ती सारी मंडळी विद्वान होती, पगारदार होती, आणि चमच्यावाचून कोणाचेही अडलेले नव्हते!

इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठात २००६ साली असाच दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. चहा-दुधाचे पैसे ज्याने त्याने डब्यात टाकावे अशी तेथे व्यवस्था होती. दरांच्या फलकावर एका आठवड्यात फुलांचे चित्र लावीत, तर पुढच्या आठवड्यात मनुष्याच्या डोळ्यांचे. डोळ्यांच्या आठवड्यांत पैसे जवळजवळ तिप्पट जमले. पुढे इतरांनी असे प्रयोग केले, त्यांत एवढा ठळक फरक नेहमीच दिसला असे नाही. आम्हांस त्याचे आश्चर्य वाटत नाही. आमच्या देवळात तर साक्षात देवाचे डोळे अष्टौप्रहर उघडे असतात, तरीही कापराची डबी पाळी बदलताना रिकामी सापडते.

आमचे वडील पौरोहित्य करतात, त्यामुळे कोठीचा हा व्यवहार आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहो. जेथे तीन-चार पुजारी पाळीने पूजा करतात तेथे तेल, वाती, कापूर, उदबत्ती, चंदनाचे खोड हे सारे सामाईक असते. आपल्या पाळीत समई भरभरून लावावी, लोकांनी वाहवा करावी, आणि पुढच्याने तळाशी राहिलेल्या तेलावर एकादशी काढावी, असे घडू शकते. यात कोणी घरी काही नेत नाही. तेल देवापुढेच जळते. तथापि पुढच्या मनुष्याच्या वाट्याचे आपण वापरले हे खरेच. खोड उगाळून झाल्यावर सहाण न धुता तशीच ठेवणे, हाही त्यातलाच प्रकार. चंदन वाळून बसते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे थंड पाण्यात ते खरवडण्यात कोणा दुसऱ्याची पंधरा मिनिटे जातात. सामाईक वस्तूच्या बाबतीत न घेताही चोरी घडते, ती अशी. तेथे चोरी वेळेची आणि श्रमाची असते.

या विषयावर मराठीत जो सर्वांत जुना आणि सर्वांत रोखठोक उपदेश आम्हांस ठाऊक आहे, तो कोणा साधुपुरुषाचा नव्हे, राजाचा आहे. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना एक पत्र पाठविले, ते आज प्रसिद्धच आहे. पागेसाठी पावसाळ्याची बेगमी म्हणून दाणा आणि गवत साठविलेले होते. महाराज बजावतात की, आता आहे म्हणून मनास येईल तसे खर्च कराल, तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी आणू लागाल. ज्या रयतेसाठी राज्य, ती रयत मोगल बरे म्हणू लागेल. त्यापुढील तपशील तर एखाद्या जाणत्या गृहिणीने सांगावा असा आहे. गवताजवळ चुली पेटवू नयेत, चिलीम ओढू नये, रात्री दिवा जळता ठेवू नये. कारण उंदीर जळती वात पळवून नेतो आणि गंजीला आग लागते.

उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत ज्या राजाची नजर पोहोचली, त्याला आपल्या कामाच्या जागेवरील चहा-साखरेचा विचार क्षुल्लक वाटला नसता, असे आम्हांस वाटते. त्या पत्रात पापपुण्याचा घोळ नाही. सामाईक साठा संपला म्हणजे त्याची भरपाई अखेर कोण करतो, हे त्यात दाखविले आहे. ती भरपाई उधळणारा करीत नाही. जो सर्वांत दुबळा, ज्याच्या दाराशी जाऊन मागितले तर नाही म्हणण्याची ज्याची छाती नाही, तो करतो.

याचा प्रत्यय आम्हांस अलीकडेच आला. एका घाऊक व्यापाराच्या पेढीवर आम्ही काही काळ हिशेबाच्या कामावर होतो. तेथे एका कारकुनाचा कॅल्क्युलेटर दिसेनासा झाला. वस्तू मोठी नव्हती, पण तो गृहस्थ तिच्यावाचून अडला आणि संध्याकाळपर्यंत सर्वांच्या तोंडी चोरी हा एकच विषय झाला. आम्ही त्या दिवशी रजेवर होतो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा झालेली हकीकत कळली. पाणी भरणारे व झाडलोट करणारे एक वृद्ध गृहस्थ तेथे होते, त्यांना सारे काका म्हणत. घरी जाताना व्यवस्थापकांनी त्यांना थांबविले आणि म्हटले, “काका, जरा पिशवी दाखवा.” पिशवीत पोळीचा रिकामा डबा आणि नातवासाठी घेतलेली शेव होती. बाकी दहा-बारा जणांच्या पिशव्या कोणी पाहिल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कॅल्क्युलेटर आला. मुलीची परीक्षा होती म्हणून एका वरिष्ठ सहकाऱ्याने तो घरी नेला होता. परत आणण्याच्या हेतूनेच नेला होता. “अरे, सांगावयाचे राहूनच गेले,” असे म्हणून ते हसले आणि बाकीचेही हसले. काका त्या वेळी घागर भरीत होते.

दंडसंहितेप्रमाणे त्या वरिष्ठांनी चोरी केली नाही. हेतू शुद्ध, संमती गृहीत, वस्तू सुखरूप. कायद्याच्या तराजूत काहीच पडत नाही. पण काकांचे जे गेले ते कोणी परत आणून ठेवले नाही. महिना भरल्यावर ते काम सोडून गेले. न विचारता घेतलेल्या वस्तूमागे संशयाची एक सावली पडते, आणि ती नेहमी उतरत्या बाजूला पडते. साहेबांच्या खोलीतून काही गेले तर शिपायाकडे पाहिले जाते, घरातून गेले तर मोलकरणीकडे. म्हणून ‘नंतर सांगेन’ म्हणणाऱ्या प्रतिष्ठित माणसाला आम्ही क्षमा करण्यास मुळीच तयार नाही. त्याच्या विसराळूपणाचे व्याज दुसरा फेडतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचार करण्याजोगा आहे. असे प्रत्येक वेळी विचारीत बसल्यास आपलेपणा राहील काय? माळव्यातील आपल्या मराठी घरांत शेजारणीने सरळ स्वयंपाकघरात येऊन डब्यातील हरभऱ्याची डाळ वाटीभर न्यावी, अशी रीत होती, आणि त्या रीतीत केवढे तरी सुख होते. हे आम्हांस मान्य आहे. परंतु ती शेजारीण वाटी घेताना “अहो वहिनी, डाळ नेते हं!” असे ओरडून सांगत असे, आणि चार दिवसांनी तिची वाटी परत येई ती रिकामी येत नसे. तो देवघेवीचा संबंध होता, आणि दोन्ही घरांचे डबे एकमेकींना खुले होते. कचेरीत ज्याला आपलेपणा म्हणतात तो पुष्कळदा एकाच दिशेने वाहतो. कनिष्ठाची वस्तू वरिष्ठ सहज उचलतो. वरिष्ठाच्या मेजाला हात लावण्याचे कनिष्ठाच्या स्वप्नातही येत नाही. ज्या आपलेपणात दोघांना सारखी मुभा नाही त्याला दुसरे नाव शोधावे.

मालकाच्या वस्तूविषयी तर आणखी एक पळवाट काढली जाते: मालक श्रीमंत आहे, एक कागदाचा गठ्ठा मुलांच्या वह्यांसाठी नेला तर त्याचे काय जाते? येथे इंदूरकरांना फार दूर पाहावे लागू नये. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्यासाठी स्वतंत्र खासगी उत्पन्न लावून दिले, आणि तेव्हापासून होळकरांच्या घरी दौलत वेगळी व खासगी वेगळी अशी दोन खाती चालली. पुढे हे खासगी उत्पन्न अहिल्याबाईंकडे आले. काशीविश्वनाथाचे १७८० मधील मंदिर म्हणा, ठिकठिकाणचे घाट आणि धर्मशाळा म्हणा, त्यांच्या दानधर्माचा भार मुख्यतः या खासगीने वाहिला. ज्यांच्या शब्दावर संपूर्ण राज्य चालत होते, त्यांना देवाच्या कामासाठीही दोन थैल्या वेगळ्या ठेवाव्याशा वाटल्या. हेतू कितीही पुण्याचा असो, थैली कोणती हा प्रश्न उरतोच.

महात्मा गांधींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी जी पत्रे लिहिली, त्यांत ते याहूनही पुढे गेले. गरज नसताना घेतलेली वस्तू, जरी परवानगीने घेतली तरी, त्यांच्या मते चोरीच होय. आम्हां सामान्यांना हे झेपणे कठीण. तरी सामाईक साठ्यापुरते ते अक्षरशः खरे आहे. चहाच्या खोलीतील साखरेच्या पुड्या सर्वांसाठीच असतात, त्या घेण्यास परवानगी असतेच. खिशात भरून नेण्यास कोणी हरकतही घेत नाही. गरज हेच तेथे एकमेव माप उरते, आणि ते माप ज्याचे त्याच्याच हाती असते.

आपले शहर २०१७ पासून स्वच्छतेसाठी देशात वर्षानुवर्षे पहिले आले. रस्त्यावर कागद टाकण्यास आज येथला लहान मुलगाही कचरतो. रस्ता हाही कोणा एकाचा नव्हेच, तो सर्वांचाच आहे. म्हणजे सर्वांच्या वस्तूची कदर आपल्याला शिकता येते, हे सिद्ध झालेले आहे. मग तोच मनुष्य कामावर गेल्यावर आपला उष्टा पेला नळाखाली तसाच ठेवून का निघून जातो, हे कोडे आम्हांस सुटलेले नाही. कदाचित रस्त्यावर दंड आहे आणि नळापाशी नाही. कदाचित नळापाशी कोणी काका आहेत, हे त्याला ठाऊक असते.

खंडेनवमीला आपण आपापल्या हत्यारांची पूजा करतो. सुतार रंधा-करवत मांडतो, शिंपी कात्री आणि यंत्र मांडतो, कारकून संगणकाला हळदकुंकू लावतो. कारागीर आपले हत्यार सहसा दुसऱ्याच्या हाती देत नाही, आणि दुसऱ्याचे मागतही नाही. कारण प्रत्येकाच्या हाताचे वळण हत्याराला लागते हे तो जाणतो. हीच जाण टेबलखुर्चीच्या धंद्यांत का उतरू नये? आणि पूजा करताना, पाण्याचे पिंप, जिन्याखालची झाडू व सर्वांनी मिळून वापरण्याचे छपाईयंत्र यांना एकेक फूल वाहण्याची आठवण कोणाला तरी व्हावी.

आता थोडे घरचे. मंडळाच्या कोठीतील मोठी पातेली, झारे, पळ्या आणि सतरंज्या सभासदांच्या घरच्या मुंजी-लग्नांसाठी दिल्या जातात, आणि त्यांची वही ठेवलेली असते. ती वही आम्ही गेल्या आठवड्यात चाळली. एका मुंजीच्या नावापुढे “पळ्या चार येणे” अशी नोंद आहे, आणि तो बटू आता महाविद्यालयात जातो. नावे आम्ही येथे देत नाही. दिवाळीपूर्वी कोठीची झाडलोट होईल. त्या चार दिवसांत संध्याकाळच्या आरतीनंतर कोठीचे दार उघडे राहील, आणि पळ्या ठेवून घेताना कोणी काही विचारणार नाही.